तीन शेक झाले, आता आई जायला नको म्हणते

पत्र: अक्का, माझं माहेर तासगावजवळच्या खेड्यात. आई ५६ वर्षांची, सगळं आयुष्य द्राक्षबागेत राबण्यात गेलं. पोरवयापासून मिश्री लावायची. उजव्या गालात आतून गाठ आली, तपासलं तर कॅन्सर निघाला, पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. आता ३० शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितलेत, सोमवारपासून मिरजेला सुरू झाले. आज तिसरा झाला. तोंडावर ती जाळी लावली की आई घाबरते, आज रडतच बाहेर आली, म्हणाली "मला न्हाई जायाचं आता, जीव गुदमरतोय." आणि वर म्हणते गरम लागत नाही, दुखत नाही, काहीच होत नाही, मग एवढं कशाला जायचं. वहिनी बाळाला तिच्याजवळ देत नाहीत, अंगातनं किरणं येतात म्हणे. भाऊ म्हणतो रोज गाडी परवडत नाही, आठवड्यातनं तीन दिवस जाऊ. शेजारच्या मावशी हळदीचा लेप लावा म्हणतात. मी काय करू? — तुमची धाकटी बहीण समजा

धाकटी बहीण म्हणालीस म्हणून तुला एकेरीच हाक मारते, चालेल ना. तुझं पत्र बुधवारी रात्री वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण उद्या सकाळी तुला आईला घेऊन निघायचंय आणि ते उद्याचं जाणं चुकू नये असं मला मनापासून वाटतंय.

आधी जाळीचं बोलू, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडलंय. मला २०१५ साली जिभेच्या कडेला कॅन्सर झाला होता, ३३ शेक घेतलेत, त्यामुळं ती जाळी काय असते हे मला कुणी सांगायला नको. साचा घेतात त्या दिवशी पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यातनं काढून ओलाच तोंडावर टाकतात, तो चपातीच्या कणकेसारखा मऊ असतो, नाकावर कपाळावर दाबून बसवतात आणि गार होईपर्यंत तसंच पडून राहायचं. नंतर रोज तीच जाळी तोंडावर ठेवून दोन्ही बाजूंनी टेबलाला खट खट अडकवतात, मान हलवायची म्हटलं तरी हलत नाही, आणि मग सगळे खोलीबाहेर जातात आणि तो जाड दरवाजा लागतो. आपण एकटं राहणार हे मला आधी कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं हे लोक मला विसरले. छातीत अशी धडधड सुरू झाली की मशीनच्या आवाजापेक्षा तीच मोठी ऐकू येत होती. बाहेर आल्यावर आरशात बघितलं तर गालावर जाळीची नक्षी उठलेली, आणि ती बघून परत रडू आलं. त्यामुळं तुझी आई नाटक करत नाहीये आणि भित्रीपण नाहीये, जाळीला घाबरणारे पेशंट खूप असतात आणि तिथल्या टेक्निशियन लोकांना हे रोजचं आहे. फक्त त्यांना सांगावं लागतं, आणि आपल्याकडच्या बायका सांगत नाहीत, गप डोळे मिटून सोसतात.

तर उद्या अर्धा तास लवकर जा. नंबर लागायच्या आधी टेक्निशियनला गाठून सरळ सांग की आईला भीती वाटतेय, पाच मिनिटं द्या. जाळी तिच्या हातात द्यायला सांग, तिनं ती आतनं बाहेरनं बघू दे, भोकांतनं बोट घालून बघू दे, वारा आत येतो हे तिचं तिला कळू दे. मग न अडकवता नुसती मिनिटभर तोंडावर ठेवून बघायची. डोळ्यांपुढचा भाग कापून मोकळा करता येतो का हेही विचार, बऱ्याच जणांचं तेवढ्यानं काम होतं, पण ते कापायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. आणि हे तिला नीट समजावून सांग की बाहेर टीव्हीवर ती सतत दिसत असते, आतलं बोललेलं बाहेर ऐकू जातं, हात वर केला की मशीन थांबवून माणूस आत येतो. मधे थांबवलं तर शेक वाया जात नाही, राहिला तेवढा पुढे देतात. मला हे चौथ्या दिवशी कळलं, आणि त्या दिवसानंतर मी एकदाही हात वर केला नाही, कारण करता येतो एवढं माहीत असणंच पुरलं. एवढं करूनही घाबरलीच तर डॉक्टर आधी घ्यायला एखादी हलकी गोळी देतात, ती मागायला लाजू नका.

नाक चोंदलं असेल तर जायच्या आधी मोकळं करून घ्या. ऑपरेशननंतर तोंडात लाळ साठते, झोपल्यावर ती घशात जाईल अशी भीती असते, तेही टेक्निशियनला सांगायचं. आणि आत पडल्यावर मन कुठंतरी गुंतलं पाहिजे. मी मनात सांगलीचा आयर्विन पूल चालायची. गणपती मंदिराकडनं निघायचं, कठड्याला हात लावत, खाली कृष्णेचं पाणी बघत, सांगलीवाडीच्या बाजूला पोचायचं. बहुतेक वेळा पुलाच्या मध्यावर येईपर्यंतच मशीन बंद व्हायचं. तुझ्या आईला बाग आहे की. पहिल्या वेलापासून ओळीच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, दुसरी ओळ धरायची. किती ओळी झाल्या ते बाहेर आल्यावर तिला विचार, उद्या परवा पण विचार. खरा किरणांचा वेळ काही मिनिटांचाच असतो, जास्त वेळ झोपवून खुणा जुळवण्यात जातो, आणि पहिल्या दिवसांत तर फोटो काढून सगळं तपासतात म्हणून अजूनच जातो. पुढच्या आठवड्यात तिचं तिलाच कळेल की लवकर उरकतंय.

अजून एक, तू पत्रात लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे. जाळीसाठी गळ्यातलं, कानातलं, नाकातलं काढायला लावतात आणि मंगळसूत्र काढून ट्रेमध्ये टाकायचं म्हणजे आपल्या आयांच्या पोटात खड्डा पडतो. दवाखान्यात, कॅन्सरच्या वॉर्डात, स्वतःच्या हातानं. मी बघितलंय तिथं बायकांना मंगळसूत्र मुठीत धरून बसलेलं. तुझे वडील सोबत येत असतील तर त्यांच्या हातात द्यायला सांग आणि बाहेर आल्यावर त्यांनीच परत घालायचं, रोज. ते येत नसतील तर घरनं निघतानाच देवापुढं काढून ठेवू दे.

आता "काहीच होत नाही" ह्याचं. बघ, आपण ह्याला शेक म्हणतो, कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट म्हणतं, आणि त्या शब्दानंच घोळ होतो. शेक म्हटलं की गरम लागलं पाहिजे, करंट म्हटलं की झटका बसला पाहिजे. तसं काही नसतं, एक्सरे काढताना काय कळतं? तसंच हे, फक्त ताकद कितीतरी जास्त आणि नेम अगदी मिलिमीटरचा, म्हणून तर ती जाळी एवढी घट्ट. आणि हा काही कालपरवाचा प्रयोगपण नाही, रॉन्टजेन नावाच्या शास्त्रज्ञांनी १८९५ साली हे किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते गाठींवर वापरून बघायला सुरुवात केली होती. किरण पेशींच्या आतला जो आराखडा असतो, ज्याच्यावरनं पेशी वाढते, तो तोडतात. चांगल्या पेशी पुढच्या शेकापर्यंत बरीचशी दुरुस्ती करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ती तेवढी जमत नाही, त्या हळूहळू मरत जातात. म्हणून एकदम न देता रोज थोडं थोडं, आठवड्यातनं पाच दिवस, शनिवार रविवार सुट्टी, असे ३० दिवस म्हणजे सहा आठवडे. ऑपरेशन झालेलं असतं तेव्हा कुठंतरी उरलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या पेशींसाठी हे असतं. त्यामुळं ते लागू पडतंय हे आईला आतनं जाणवणार नाही, पहिल्या आठवड्यात तर नाहीच नाही.

ह्यावरनंच भावाचं. त्याच्यावर चिडू नकोस, द्राक्षाचं कर्ज आणि त्यात हे, त्याचं गणित मला कळतं. पण आठवड्यातनं तीन दिवस हे चालत नाही, अजिबात नाही. मधले दिवस सुटले की मरायच्या पेशींना परत वाढायला फुरसत मिळते, आणि तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये हे जास्तच नडतं, म्हणून डॉक्टर ट्रीटमेंट लांबू नये ह्याच्या मागं लागलेले असतात. मी स्वतः तिसऱ्या आठवड्यात पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस बुडवले होते. डॉक्टर ओरडले, मग शेवटच्या आठवड्यात दोन दिवस सकाळी एक आणि सहा तास सोडून संध्याकाळी एक असं करून भरून काढलं, आणि तेव्हा माझ्या तोंडाची अवस्था अशी होती की पाणी गिळताना डोळ्यांतनं पाणी यायचं. ते लग्न माझ्याशिवायही झालं असतं गं. आजही वाईट वाटतं. मशीन बिघडलं किंवा सुट्टी आली तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतात, त्याची काळजी नको, आपण आपल्याकडनं दिवस मोडायचा नाही. यात्रा, अमावस्या, कुणाचं बारसं, काही असो.

पैशाचं म्हणशील तर गाडी रोज कशाला करायची, पहिले दोन-तीन आठवडे आईला चालवेल तोवर एसटीनं जा, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाडी लागेल, पैसे त्यासाठी राखून ठेवा, नाहीतर तेव्हा मिरजेत कुणा नातेवाइकाकडं राहायचं बघा. मिरज म्हणजे १८९४ ला वानलेस साहेबांनी दवाखाना काढल्यापासून पेशंटचंच गाव, अथणी-विजापूरकडनं लोक येऊन महिना महिना राहतात, खोल्या मिळतात. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतात. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचे कागद घेऊन उद्याच त्याला भेट, आईचा अर्ज झालाय का आणि किती मंजूर झालंय ते स्वतः विचार. भाऊ बघेल म्हणून सोडू नकोस.

वहिनीला मात्र नीट आणि प्रेमानं सांग, कारण ती बाळाच्या काळजीनं करतेय. बाहेरनं मशीननं दिलेले किरण अंगात साठत नाहीत. बॅटरी बंद केली की भिंतीत उजेड उरतो का? मशीन बंद झालं की संपलं. आईनं बाळाला मांडीवर घ्यावं, भरवावं, कुशीत घेऊन झोपावं, काही होत नाही. थायरॉईडच्या कॅन्सरला जे आयोडीन पाजतात त्या पेशंटला काही दिवस लांब ठेवतात, ते खरं आहे, कुठंतरी ते ऐकून हे पसरलं असेल. पण तो वेगळा उपचार. वहिनीला पटत नसेल तर रिव्ह्यूच्या, म्हणजे डॉक्टर तपासायला बोलावतात त्या दिवशी तिलाच सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. ह्या दिवसांत नातवंड जवळ नसणं हे त्या जाळीपेक्षा वाईट आहे, मी सांगते.

हळद. आपली सांगली हळदीची, आपल्याला वाटतं हळदीनं सगळं बरं होतं. पण शेकाच्या जागेवर हळद नाही, खोबरेल नाही, बाम नाही, पावडर नाही, कोरफड नाही, आणि गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नाही. मशीनवर जायच्या आधी त्या जागी कसलाच थर नको. कोमट पाणी, साधा साबण, न चोळता टिपून घ्यायचं. क्रीम फक्त डॉक्टरांनी दिलं तर, आणि ते सांगतील त्या वेळेला. उन्हात जाताना मऊ सुती पदर गालावरनं गळ्यावरनं घ्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाल काळवंडेल, साल सुटल्यासारखं होईल, तेव्हा तर मावश्यांचा सल्ला अजून वाढेल, तेव्हा हे पत्र परत काढून वाच. कुणी काढा, चूर्ण दिलं तर ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ द्यायचं नाही, उगाच दुसरं काही सुरू व्हायला नको.

आणि आता खरं महत्त्वाचं. हे जे शांत दिवस चाललेत ना, ज्यात काही होत नाही म्हणून आई वैतागलीय, हेच दिवस तयारीचे आहेत. दहा-बारा दिवसांनी तोंडात लाली येईल, मग फोड, लाळ चिकट होईल, चव जाईल, चहा मातीसारखा लागेल. सगळ्यांना सारखं होत नाही, पण गालाला शेक म्हणजे तोंडाला त्रास होणारच असं धरून चाल. शेवटच्या आठवड्यात आणि शेक संपल्यावर अजून आठ-पंधरा दिवस सगळ्यात जड जातात, मग हळूहळू भरून येतं. चव यायला काही महिने लागतात, तोंडाचा कोरडेपणा त्याहून जास्त रेंगाळतो. म्हणून आज, त्रास नसतानाच, सवयी लावून घ्यायच्या.

गुळण्या आत्तापासून. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, बाटलीत भरून ठेवायचं, दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर, रोज ताजं करायचं. ब्रश लहान पोरांचा, मऊ. दात आधी दाखवले होते का? मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि मधेच दाढ दुखायला लागली तेव्हा जे हाल झाले ते सांगत नाही. शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून येत नाही कधी कधी, म्हणून दाताचं काही असेल तर उद्याच डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा दाताच्या डॉक्टरला आधी सांगायचं की इथं शेक झालेत.

दुसरं म्हणजे तोंड उघडण्याचा व्यायाम. गालाचं ऑपरेशन आणि वर शेक, दोन्हींनी जबडा आखडतो. आईला तिची स्वतःची बोटं उभी करून तोंडात घालायला सांग, किती मावतात बघ. दोन जेमतेम मावत असतील तर उद्या व्यायामाचं विचारून घ्यायचंच. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला देतात, दर काही दिवसांनी एक वाढवायची. दुखतं म्हणून सोडलं तर नंतर घास जात नाही. ऑपरेशन ताजं आहे म्हणून किती ताणायचं ते डॉक्टरांनाच विचार, तेवढं मात्र विचारच.

खाण्याचं तुला काय सांगू, घरचंच. पण तिखट आत्तापासून कमी कर, कांदा-लसणाची चटणी आणि भडंग घरात दिसेल असं ठेवू नको, समोर दिसलं की मन होतं. भाकरी दुधात कुस्करून, मऊ भात-वरण वर भरपूर तूप, शिरा, उकडलेलं अंडं, दही, केळं. खात असाल तर मटणाचा अळणी रस्सा, त्यानं मला खूप बळ आलं होतं. तीन वेळा ताटभर जमणार नाही, दिवसात सहा-सात वेळा वाटी वाटी. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिही. वजन उतरलं की तोंड बारीक होतं, जाळी ढिली पडते, नेम चुकू नये म्हणून सगळं मोजमाप परत करावं लागतं. पुढं खाणं अगदीच बंद झालं तर नाकातनं नळी घालतात, ती म्हणजे शेवट असं समजून घाबरू नका, ती तेवढ्या दिवसांपुरती असते.

मिश्रीची डबी बघ. रागवायचं नाही, झडती घ्यायची नाही, पण जवळ बसून विचार. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय आहे, ऑपरेशननंतर बंद केली म्हणाली तरी एखादी चिमूट कधी कधी जाते. ह्या दिवसांत तंबाखूनं फोड चिघळतात आणि शेकाचा गुणही कमी येतो. घरात दुसरं कुणी भाजत असेल तर तेही थांबव, तो वास आला की तलफ येतेच.

ताप आला, पाणीसुद्धा गिळवेना, तोंडातनं रक्त थांबेना, श्वास घेताना आवाज यायला लागला तर रिव्ह्यूच्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलला फोन आणि गाडी. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लाव. आणि आईला थकवा येईल, दुपारी झोपू दे. तूही तिच्या शेजारी आडवी हो जरा, सासरी फोनवर खुलासे देत बसू नकोस, नवऱ्याला सांग सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. आठवड्यातला एक दिवस भावानं आईला न्यायचं आणि तू घरी थांबायचं, हे आजच त्याच्याशी बोलून घे. त्यानं एकदा त्या खोलीबाहेर बसून बघितलं की तीन दिवसांचं तोच म्हणणार नाही.

उद्या आईला पुढं करून सांगू नकोस की अजून २७ राहिलेत. एवढंच म्हण, आजचा एक करून येऊ, आणि बागेतल्या किती ओळी होतात ते बघ. सोमवारी वजन किती भरलं ते आणि ओळी किती झाल्या ते मला कळव, मी वाट बघते.

— अक्का